आतून पोकळ, वरून जड

टकळीने बुधवारी भर वर्गात उभं राहून आपल्याच बाबांची अब्रू काढली, आणि वर टाळ्याही घेतल्या.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दात घासतानासुद्धा हिचं तोंड बंद नसतं, फेस आरशावर उडतो, म्हणून दादाने ठेवलेलं. पण ही टकळी गेल्या वर्षापर्यंत फक्त घरातच चालायची. वर्गात बाईंनी नाव पुकारलं की घशात बोळा बसलाच म्हणून समजा. या वर्षी काय झालं कोण जाणे, बोळा निघाला. निघाला तो असा की बाईंनाच आता "पुरे गं, बस खाली" म्हणावं लागत होतं.

तर बुधवारी भाषेच्या बाईंनी सगळ्यांना एकच काम दिलं होतं. आवडतं गाणं घ्यायचं आणि पाच मिनिटांत त्याचा अर्थ सांगायचा. टकळीने गाणं निवडलं ते तिच्या दादाच्या बँडचं. महिनाभर शाळेत सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. चाल अशी की एकदा कानात शिरली की दोन दिवस बाहेर पडायचं नाव नाही, आणि शब्द असे:

घडी घालून वरच्या फळीवर, कोपरे ओले नकोत.
डोकं वेगळं दिलं आहे, मान सांभाळा.
दोन खिळ्यांवर लटकतो, वाऱ्यात नेऊ नका.
आतून पोकळ, वरून जड दिसतो.
उघडत नाही, नुसतं वाजतं.
रडताना घालू नये, रंग जातो.
एक डोळा मागून लावलाय, समोरून कळत नाही.
परत येणार, तारीख नाही.

बस्स. एवढंच. पुढे नुसतं ला ला ला.

आता याला काय म्हणायचं? मागच्या बाकावरच्या एकीच्या मते हे प्रेमभंगाचं गाणं होतं, कारण तिला जगातलं प्रत्येक गाणं प्रेमभंगाचंच वाटतं. बाईंच्या मते त्यात मृत्यू होता. खेळाच्या सरांनी एकदा खिडकीतून ऐकलं आणि म्हणाले, "आतून पोकळ म्हणजे तुमची पिढी." टकळीच्या आईने तर सरळ निकाल दिला होता, "घर आवरण्यावरचं गाणं आहे. निदान गाण्यात तरी कार्ट्याने कशाची तरी घडी घातली."

पण टकळी पडली गाणाऱ्याची सख्खी बहीण. तिला अर्थ माहीत नसेल तर कोणाला असणार? दादाला तिने विचारलं मात्र नव्हतं. विचारायचं कसलं, ते उघड तर होतं! आठ महिन्यांपूर्वी दादा बाबांशी कडाक्याचं भांडून घराबाहेर पडला आणि बँडवाल्यांबरोबर राहायला गेला. त्यानंतर हे गाणं आलं. दोन आणि दोन चार.

"आतून पोकळ, वरून जड दिसतो," ती वर्गात म्हणाली, "हे माझे बाबा आहेत."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

मग काय, टकळी सुटलीच. उघडत नाही, नुसतं वाजतं, ते बाबांचं तोंड. मनातलं सांगणार नाहीत, नुसते ओरडणार. एक डोळा मागून लावलाय, म्हणजे मुलांवर पाळत. डोकं वेगळं दिलं आहे, तो दादा, बाबांपेक्षा वेगळा विचार करणारा. रडताना घालू नये, तिथे तिने आवाज जरा कापरा केला, तो सरावाने जमला होता. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी चक्क डोळे पुसत होती. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "धीट आहेस हो."

टकळी घरी उड्या मारत आली. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, तीन मजले जिन्याने.

आणि संध्याकाळी बाबा कामावरून आले ते न बोलता आले.

तसे बाबा कमीच बोलतात. ते नाटकाच्या थिएटरात प्रॉपर्टी सांभाळतात. प्रॉपर्टी म्हटलं की लोकांना जमीनजुमला वाटतो. टकळीच्या बाबांची प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणारं झाडून सगळं सामान. तलवारी, टेलिफोन, खोटी फळं, तीन सिंहासनं. तळघरातली भली मोठी खोली, तिची किल्ली बाबांच्या कमरेला आणि शिसपेन्सिल बाबांच्या कानामागे. आंघोळीला जातानाच काय ती उतरते. टकळी लहानपणी एकदोनदा त्या खोलीत गेली होती; पण तिथल्या धुळीने तिला अशा काही शिंका आल्या की बाबांनी तिला उचलून बाहेर ठेवलं, ते कायमचंच.

बाबांनी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या आणि आईला म्हणाले, "शनिवारी मी येत नाही. तुम्ही दोघी जा."

शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात दादाच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम होता. बाबांनी यावं म्हणून आई महिनाभर त्यांच्या मागे लागली होती. गोड बोलून झालं, अबोला धरून झाला. मागच्या रविवारी कुठे ते "बघू" म्हणाले होते. बाबांचं "बघू" म्हणजे जवळजवळ हो. आई त्या दिवसापासून गुणगुणायला लागली होती.

"अहो, आता काय झालं?" आईच्या हातातला चमचा हातातच राहिला.

"काही नाही. पोकळ माणसाला जागा कशाला अडवायची?"

बातमी कुठून फुटली ते टकळीला लगेच कळलं. तिच्या वर्गात थिएटरच्या लाइटवाल्या काकांची मुलगी आहे. तिने घरी सांगितलं, काकांनी चहाच्या वेळी बाबांना सांगितलं. "तुमच्या धाकटीने काय सुंदर समजावलं म्हणे! गाणं तुमच्यावरच आहे, पोकळ की काय ते." काकांना वाटलं, कौतुकच करतोय.

बाबांनी ते गाणं कधी धड ऐकलंच नव्हतं. शेजारच्या घरात लागलं तरी ते गॅलरीचं दार लावून घेत. आणि आता ते ऐकण्याआधीच त्यांना अर्थ कळला होता. टकळीच्या कृपेने.

आईने त्या रात्री टकळीला एवढंच म्हटलं, "तुला कोणी विचारलं होतं का गं?" यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

गुरुवारी शाळा सुटल्या सुटल्या टकळी दादाकडे पळाली. एका गॅरेजच्या वरची खोली, खाली कोणीतरी पत्रा ठोकतोय, वर दादा, त्याच्या बँडमधली गिटारवाली ताई आणि ड्रम वाजवणारा एक ढोल्या तारा गुंडाळत बसलेले. दादाचे केस खांद्यापर्यंत आले होते.

"दादा, गाण्याचा अर्थ सांग. लवकर. शनिवारच्या आत."

"परीक्षेला आहे का?"

"थट्टा नको ना! ते बाबांवर आहे का नाही, एवढंच सांग. हो की नाही?"

दादाने तार गुंडाळायची थांबवली. "बाबांनी ऐकलं?"

"नाही. म्हणजे... मी सांगितलं. म्हणजे मी नाही, लाइटवाल्या काकांनी." मग तिने सगळं भडाभडा ओकून टाकलं. ढोल्याने मध्येच "अरे बाप रे" म्हटलं, तर गिटारवाल्या ताईने त्याला कोपर मारलं.

दादा हसला नाही आणि रागावलाही नाही, तेच तिला जास्त लागलं. तो उठून खिडकीशी गेला, परत आला, परत गेला.

"तुझ्याच तोंडून तरी ऐकायला हवं होतं त्यांनी," तो म्हणाला, "अर्थ नाही, गाणं. नुसते शब्द. ते ऐकले असते तर..."

"तर काय?"

"तर काही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल."

"असं कोड्यात बोलायला तुला कोणी शिकवलं रे!"

"बाबांनी," दादा म्हणाला आणि पुन्हा तारेकडे वळला.

शुक्रवार म्हणजे नुसती घालमेल. टकळी वर्गात बसली होती पण पाय बाकाखाली पळत होते. बाईंनी काय शिकवलं, तिला विचारू नका. वहीच्या मागच्या पानावर ती गाण्याला नवे अर्थ लावत होती. बाबांना पटतील असे, ज्यात बाबा कुठेच नसतील असे. पर्यावरण. युद्ध. दूरदेशी गेलेला खलाशी. दातांचा दवाखाना, हा तर फारच चपखल बसत होता, डोक्यासकट. सगळे अर्थ बसत होते, हाच तर वैताग! जो शर्ट कोणालाही येतो तो नक्की कोणासाठी शिवलाय हे कळणार कसं? आणि मधूनच तिला आपलं बुधवारचं बोलणं आठवे, त्यातला तो सरावाने कापरा केलेला आवाज आठवे, आणि कान तापत.

आठ महिन्यांपूर्वीचं ते भांडणही ती पुन्हा पुन्हा आठवत राहिली. सगळे समजत होते, भांडण बँडवरून झालं. आई मात्र म्हणायची, "कसला बँड घेऊन बसलात! चिठ्ठ्यांवरून झालं. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवरून!" दादा तेव्हा दोन वर्षं बाबांच्या हाताखाली थिएटरात काम करत होता. बाबांची तिथे एक पद्धत आहे. प्रत्येक वस्तूला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. डाव्या बाजूला वस्तूचं नाव, उजव्या बाजूला ती कशी आहे, कशी सांभाळायची, कधी परत येणार. वस्तू बाहेर गेली की चिठ्ठी मधोमध फाडायची. नावाचा अर्धा भाग वस्तूच्या जागेपाशी खिळ्याला राहतो, उजवा वस्तूबरोबर जातो. वस्तू परत आली की दोन्ही अर्धे जुळवून चिकटवायचे. एका दौऱ्याहून सामान परत आलं ते सगळं आलं, एक खिळाही कमी नाही, पण सात चिठ्ठ्यांचे अर्धे आलेच नाहीत. ते होते दादाकडे. बाबांनी सगळ्या मंडळींसमोर त्याला विचारलं, हरवल्या म्हण नाहीतर चोरल्या म्हण. दादा म्हणाला, सांगत नाही. पुठ्ठ्याच्या सात तुकड्यांवरून माणूस घर सोडतो? टकळीला वाटायचं, ते नुसतं निमित्त. खरं कारण मोठं असणार. मोठ्या माणसांच्या भांडणाचं कारण मोठंच असायला हवं ना!

शनिवारी सकाळी आठला तिला संधी सापडली.

बाबांना पकडायचं असेल तर ते गोंद लावत असताना पकडावं, हे टकळी पाचवीत शिकली होती. आज ते गॅलरीत स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी करून बसले होते. मोडक्या पायाला गोंद लावलेला, दोन्ही हातांनी पाय दाबून धरलेला. पंधरा मिनिटं हात सोडायचा नाही. उठता येत नाही, दार लावून घेता येत नाही, कानात बोटं घालता येत नाहीत.

टकळी वही घेऊन समोर ठाण मांडून बसली.

"बाबा, मी बुधवारी चुकले. ते गाणं तुमच्यावर नाहीये. मी सिद्ध करते."

"मला काम आहे."

"करा ना! कान मोकळे आहेत. ऐका. पहिली ओळ." तिने घसा साफ केला. "घडी घालून वरच्या फळीवर, कोपरे ओले नकोत. आता बघा बाबा, ही ओळ म्हणजे आपली पृथ्वी. माणसाने जंगलं..."

"समुद्र," बाबा म्हणाले.

"हो, समुद्रसुद्धा! म्हणजे समुद्राची पातळी..." टकळी थांबली. "समुद्र का म्हणालात?"

"काही नाही. सवय." बाबांनी खुर्चीचा पाय आणखी घट्ट दाबला. "वाच तू."

"डोकं वेगळं दिलं आहे, मान सांभाळा."

"राजा. बसलेला."

तिने पर्यावरण, युद्ध आणि खलाशी तिथेच सोडून दिले. पुढची ओळ तिने आवाज न चढवता, नुसती वाचली.

"दोन खिळ्यांवर लटकतो, वाऱ्यात नेऊ नका."

"चंद्र." आता बाबांचा आवाज खाली गेला होता.

"आतून पोकळ, वरून जड दिसतो."

"डोंगर. छोटा. मोठ्याला चाकं आहेत."

"उघडत नाही, नुसतं वाजतं."

"दार."

"रडताना घालू नये, रंग जातो."

"म्हातारीचा मुखवटा. एका नटीने रडून रडून गाल धुऊन काढले होते, तेव्हापासून लिहितो मी ते."

"एक डोळा मागून लावलाय—"

"—समोरून कळत नाही. घोडा," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात सोडले.

पंधरा मिनिटं झाली नव्हती. सहासुद्धा झाली नव्हती. खुर्चीचा पाय हळूच कलला आणि फरशीवर पडला. बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. टकळीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांना ओला गोंद सोडताना पाहिलं.

"ही माझी वाक्यं आहेत," ते म्हणाले. "माझ्या चिठ्ठ्यांवरची." आणि उठून चपला घालू लागले.

"बाबा, थांबा, मी पण येते!"

"शिंका येतील."

"येऊ देत!"

थिएटरच्या तळघरात सकाळी कोणी नव्हतं. बाबांनी दिवा लावला आणि टकळीला आधी तीन शिंका आल्या, मग दिसलं. समोरच्या फळीवर, अगदी वरती, निळ्या कापडाची बसल्या बैलाएवढी घडी होती. समुद्र. त्याच्या खाली राजा, मांडीवर स्वतःचं डोकं घेऊन बसलेला. चंद्र भिंतीवर दोन खिळ्यांना. डोंगरावर कोणीतरी डबा ठेवला होता. दाराला चौकट होती पण मागे भिंतच. म्हातारीच्या मुखवट्याचे गाल फिके. घोड्याचा एक डोळा आरपार भोकातून मागून अडकवलेला, आणि समोरून खरंच कळत नव्हतं.

आणि प्रत्येकासमोर एका खिळ्याला अर्धी चिठ्ठी लटकत होती. फाटलेली कड उजवीकडे. समुद्र, निळा, एक. राजा, बसलेला, एक. आठ महिने तशाच.

"बाबा," शिंक आवरत टकळी म्हणाली, "सामान तर परत आलंय ना? मग तुम्ही नवीन चिठ्ठ्या का नाही केल्या? दहा मिनिटांचं काम."

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, उगाच बघितली, परत ठेवली. "जोडी सापडेपर्यंत नवी करायची नसते."

"हा नियम आहे?"

"माझा आहे."

मग ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. समुद्रापासून घोड्यापर्यंत, घोड्यापासून समुद्रापर्यंत. "थट्टा करतोय माझी. गावभर माझी वाक्यं गातोय. हसत असतील लोक."

बुधवारची टकळी असती तर तिने लगेच सांगितलं असतं की नाही, बाबा, हे तर प्रेम आहे, आणि आवाज कापरा केला असता. पण तिला खरंच माहीत नव्हतं. दादाने ते तुकडे आठ महिने खिशात बाळगले, ते चिडून की जपून? घ्या तुमची वाक्यं, असं तोंडावर फेकायला, की बघा, किती सुंदर लिहिता, हे सांगायला? दोन्ही अर्थ बसत होते. तेही एकाच वेळी.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "पण कोणी हसत नाही. लोक डोकं खाजवतात. आमच्या बाईंना तर त्यात मृत्यू दिसला."

"डोंगरात?"

"डोंगरातच."

बाबांच्या नाकातून एक आवाज आला. हसण्याचा होता की धुळीचा, कळलं नाही.

"अजून एक ओळ आहे," टकळी म्हणाली. "शेवटची. परत येणार, तारीख नाही."

बाबा थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, एकेक खिळा मोजला. सात. पुन्हा मोजले.

"ही माझी नाही."

"नक्की?"

"तारखेशिवाय मी वस्तू बाहेरच सोडत नाही. वीस वर्षांत सोडली नाही. हे असलं अर्धवट कोण लिहील?" ते एकदम चिडले होते, आणि बोलता बोलता त्यांचा हात पुन्हा कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. मग म्हणाले, "तू जा घरी. आई वाट बघत असेल. मला इथे काम आहे."

"चार वाजता येणार ना?"

बाबांनी "बघू"सुद्धा म्हटलं नाही.

चारला पाच कमी असताना वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. टकळीने तीन खुर्च्या अडवल्या होत्या. एकीवर आई, एकीवर आईची पर्स, आणि तिसऱ्या, तिच्या स्वतःच्या खुर्चीवर कोणीच नाही, कारण टकळी दारात होती. ती अकरा वेळा दारापर्यंत जाऊन आली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "बाळ, पोट बिघडलंय का?"

गाणी सुरू झाली. एक झालं, दोन झाली. आईने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळू लागली. टकळीने नख कुरतडून कुरतडून संपवलं. तिसऱ्या गाण्यानंतर दादा माइकजवळ आला आणि नुसतंच म्हणाला, "आता ते."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या गडबडीत मागचं दार ढकलून बाबा आत आले. घरचेच कपडे, बाहीला गोंद, पेन्सिल कानामागे. खुर्ची असून बसले नाहीत. शेवटच्या खांबाला टेकून उभे राहिले. टकळी वाकून, लोकांचे पाय तुडवत त्यांच्यापर्यंत पोचली.

घडी घालून वरच्या फळीवर, दादा गात होता.

बाबांचे ओठ हलले. समुद्र.

डोकं वेगळं दिलं आहे.

राजा.

शेजारच्या एका बाईंनी "श्श!" केलं. बाबांना ते ऐकूच गेलं नाही. पुढच्या रांगेतला एक तरुण आपल्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक अर्थच सांगत असावा, आणि ती मान डोलावत होती. चंद्र. डोंगर. दार. बाबा एकेक नाव असं घेत होते जसं दौऱ्याहून आलेलं सामान ट्रकमधून उतरवून घेतात, हात लावून, खात्री करून. मुखवटा. घोडा.

परत येणार, तारीख नाही.

बाबांचे ओठ थांबले.

दादाने ती ओळ दुसऱ्यांदा गायली. आता तो थेट मागच्या खांबाकडे बघत होता. टकळीला बाबांचा श्वास ऐकू येत होता. मग ला ला ला सुरू झालं, लोक त्यात मिसळले, आणि बाबांनी खिशातून एक कोरी पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली. म्हणजे ते आधीच विचार करून आले होते! कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठी खांबावर धरून लिहिलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. सावकाश मधोमध फाडली. डावा अर्धा त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, पण त्याआधी टकळीने डोकावलंच.

मुलगा. एक.

उजवा अर्धा त्यांनी तिच्या हातात दिला आणि पेन्सिल परत कानामागे खोचली. "वस्तूबरोबर जातो हा. देऊन ये."

टकळी पळाली. गाणं संपलं होतं, टाळ्या चालू होत्या, ती बाजूच्या पायऱ्यांवरून थेट स्टेजवर. ढोल्या म्हणाला, "अगं, अगं!" दादाने तिच्या हातातून तुकडा घेतला. तिनेही त्याच्याबरोबर वाचला, उलट्या बाजूने.

आवाज चांगला. केस वाढलेले. डोकं वेगळं आहे, राहू द्यावं. परत येण्याची तारीख:

आणि पुढे जागा कोरी.

दादा किती वेळ वाचत होता! चार तर ओळी होत्या. लोकांच्या टाळ्या विरल्या, कुजबुज सुरू झाली. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा टकळीला ओळखता येईना.

"पेन आहे?" त्याने ढोल्याला विचारलं.

ढोल्याने खिसे चाचपले. गिटारवाल्या ताईने मान हलवली. दादाने टकळीकडे बघितलं. टकळी शाळेत जाणारी मुलगी, तिच्याकडे एक पेन नसावं? पण दप्तर घरी होतं.

"बाबांकडे पेन्सिल आहे," ती म्हणाली. "कानामागे."

दादाने खांबाकडे बघितलं. मग हातातला माइक तिच्या हातात कोंबला, "धर जरा," म्हणाला आणि पायऱ्या वगैरे सोडून सरळ स्टेजच्या कडेवरून खाली उतरला. माणसं उभी राहू लागली, काय चाललंय ते बघायला माना उंचावू लागली, आणि त्या सगळ्या डोक्यांमध्ये दादाचं डोकं दिसेनासं झालं.

टकळी एवढ्या मोठ्या स्टेजवर मधोमध, हातात माइक, समोर दोनशे लोक. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो ताई, तुम्ही तरी सांगा! गाण्याचा अर्थ काय?"

"थांबा हो जरा," टकळी टाचा उंचावून माइकवरच म्हणाली, "मला दिसत नाहीये!"